मुलगी 'लिबरल आर्ट्स' म्हणते. हे बीए-च ना?

रिवाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. इथे दीड वर्ष वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआय केलं आणि २२ वर्षं जळक्या मोटरी भरतोय. घरात पदवीधर कुणी नाही. पोरीला यंदा बारावी सायन्सला ८१ टक्के पडले. सीईटीही बरी गेली, कॉम्प्युटरला कुठंतरी लागेलच असं क्लासवाले सर म्हणाले. पेढे वाटून झाले आणि चौथ्या दिवशी ही म्हणते, "पप्पा, मला इंजिनिअरिंग नको. लिबरल आर्ट्स करायचंय."

मी विचारलं, चित्रकलेचं आहे का ते? पाच मिनिटं हसत होती.

मग मोबाइलवर पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक दाखवलं. हिरवळ, तळं, पोरं गवतावर बसून पुस्तकं वाचतायत. फी बघितली. हॉस्टेल-मेस धरून वर्षाला सात लाखांच्या आसपास, आणि वर्षं चार. तेवढ्यात किती पाच एचपीच्या मोटरी भराव्या लागतील ते मी मोजलं नाही. मुद्दामच नाही मोजलं.

आमच्याकडे आर्ट्स म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला कुठंच मिळालं नाही तो आर्ट्सला. शेजारच्यांनी तर तोंडावर विचारलं, "८१ पडून आर्ट्सला? पोरीचं काय बिनसलंय का?"

पण एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर माझा प्रश्न तुम्हाला नीट कळायचा नाही. दुकानात आवक-जावकीचं रजिस्टर असतं. तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, गाव, एचपी, काय झालं, किती घेतले. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती तेव्हा हिनं तीन वर्षांची रजिस्टरं काढली आणि वहीत गाववार यादी केली. मला म्हणाली, "या दोन वस्त्यांवरून सगळ्यांत जास्त जळक्या मोटरी येतात, असं का?" मी म्हटलं, त्या लाइनच्या शेवटाला आहेत, तिथं व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटर जादा करंट ओढते, वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं. तिला हे पटलं. पण दुसऱ्या दिवशी परत आली. "मग डीपी (ट्रान्सफॉर्मर) त्या टोकाला का नाही बसवला? मधेच का? कुणाच्या शेताला लागून आहे तो?" आता याचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ते रजिस्टरात लिहीत नाहीत.

ती म्हणते मला हेच शिकायचंय. मला कळत नाही की "हेच" म्हणजे कुठला विषय?

तर, हे लिबरल आर्ट्स आणि आपलं साधं बीए यात फरक काय? एवढे पैसे घालण्यासारखं त्यात आहे का? आणि मुलींना फी माफ झाली असं ऐकतो, ते याला चालतं का?

---

तासिकेवरचा मास्तर

दादा, मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि तेही येतील तेव्हा. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास होऊन नऊ वर्षं झाली. त्यामुळे मी जे सांगतो त्यात थोडा कडवटपणा असेल, तो वजा करून वाचा.

आधी नावाचं. चित्रकलेशी याचा संबंध नाही. युरोपात मध्ययुगात सात विद्या धरत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, आणि वर अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. गुलामाची नव्हे, स्वतंत्र माणसाची विद्या, म्हणून 'लिबरल'. बघा, त्यात गणित होतं. आपण अकरावीला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन दावणी केल्या आणि पोरं बांधून टाकली.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने (२०२० चं) ती दावण सोडायचं ठरवलंय. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४ पासून पदवीला ते लागू झालं. एक मेजर, एक मायनर, शिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेचा विषय. तीन वर्षांनी साधी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. म्हणजे कागदावर बघितलं तर तुमच्या मुलीला हवंय ते आमच्या कॉलेजातही मिळतं आणि फी काही हजारांत.

पण कागदावरच. आमच्याकडे फक्त आर्ट्स आणि कॉमर्स. त्यामुळे इतिहासाच्या पोराला दुसऱ्या शाखेचा विषय म्हणून मिळतं काय, तर बँकिंगची तोंडओळख. तेही शिकवणारे सर एकच. त्यांना वेळ असेल त्या तासाला जे बसतं ते पोराची 'निवड' म्हणून नोंदवतात.

आणि आता जे सांगतो ते माझ्यावरच उलटणारं आहे. मागच्या सेमिस्टरला ८४ जणांच्या असाइनमेंट माझ्याकडे आल्या. अंतर्गत गुण दोन दिवसांत भरायचे होते. पहिल्या दहा वाचल्या, त्यांतल्या सात शब्द न् शब्द सारख्या. मोबाइलनं लिहिलेल्या. पुढच्या मी वाचल्या नाहीत. सही, गुण, सही, गुण. पोरांनाही माहीत होतं की मी वाचणार नाही, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. आणि त्यांनी लिहिलं नाही म्हणून मी वाचलं नाही. आधी कोण चुकलं ते सांगता येत नाही.

त्या ढिगात एक वेगळी निघाली. हस्ताक्षर वाईट, शाई फुटलेली. मुलीनं आजीला विचारून १९७२ च्या दुष्काळावर लिहिलं होतं. खडी फोडायला कोण जायचं, सुकडी किती मिळायची, रांगेत कुणाला कुठं उभं करायचे. मी तिला बोलावून तीन प्रश्न विचारले. "आजी म्हणते गावातले सगळे गेले, मग पाटलाच्या घरातलं कोण गेलं?" हा त्यांतला एक. तिनं परत लिहून आणलं. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा त्यात मला माहीत नसलेल्या दोन गोष्टी होत्या. वर्षभरात मी शिकवलं असेल तर ते तेवढंच. ८४ पैकी एक.

म्हणून दादा, माहितीपत्रक बाजूला ठेवा. जिथं जाल तिथं एकच विचारा. माझ्या पोरीनं लिहिलेलं कोण वाचणार, आणि वाचून परत देणार का? बाकी तळं-हिरवळ वगैरे नंतर बघू.

ता. क. तुम्ही रजिस्टराचं लिहिलंत म्हणून सांगतो. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवायचे. जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तराजूवर तोलत बसायचे. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, झिजलं की वजन उतरतं. त्या उतरलेल्या वजनाचं गणित मांडून नाण्यांचा आगचा-मागचा क्रम लावायचा, त्यावरून इतिहास. तुमच्या रजिस्टरातल्या जळक्या मोटरी त्याच जातीच्या आहेत. याला विषय कुठला म्हणणार? अर्थशास्त्र म्हणा, समाजशास्त्र म्हणा, संख्याशास्त्र म्हणा. पोरीचा प्रश्न तिन्हींत बसतो, एकात मावत नाही.

---

हिंजवडी_फेज_३

मास्तरांचा प्रतिसाद भारी आहे, पण जमिनीवर या.

धागाकर्ते, फी माफीचं सांगतो. जुलै २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतली, तर कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशातून) लागल्यावर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ. खासगी विद्यापीठांना ते नाही. म्हणजे तुम्ही त्यात बसत असाल तर इंजिनिअरिंग फुकट आणि हिरवळवालं २८ लाख. असा सरळ हिशेब आहे. तिला डीपीचंच पडलंय तर इलेक्ट्रिकल घेऊ दे की! वाचन काय, रात्री घरी पण करता येतं. मी करतो.

हेही कबूल करतो की आमच्या टीममध्ये गेल्या दीड वर्षात एकही फ्रेशर आलेला नाही. तेव्हा "कॉम्प्युटरला लागली की सुटलो" हेही आता कुणी छातीठोक सांगू नये.

---

तासिकेवरचा मास्तर

@हिंजवडी, इलेक्ट्रिकलवाला सांगेल व्होल्टेज का पडतं. ते दादांनीच आयटीआयच्या जोरावर सांगून टाकलंय. पोरीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

रात्रीच्या वाचनाबद्दल आदर आहे. पण तुम्हाला उलटं विचारणारं कोण आहे तिथं?

---

पेठेतला_भाडेकरू

मी आर्ट्सवाला. खरं सांगू का, मी बीए "केलं" नाही, ते झालं. कॉलेजला नाव टाकलं, परीक्षेला गेलो, बाकी तीन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत. आमच्यात बीएचा अर्थच तो आहे. स्पर्धा परीक्षेला वेळ मिळतो म्हणून घ्यायची पदवी. गाईड आणि 'अपेक्षित' यांवर निघते.

मग आयोगाने (एमपीएससीने) ठरवलं, राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक. नऊ पेपर, १७५० गुण, सगळं हातानं लिहायचं. त्याआधी बहुतेक पेपरांत चार पर्यायांतला गोल काळा करायचा असायचा. २०२३ ला आम्ही पोरं पुण्यात रस्त्यावर बसलो, हे पुढे ढकला म्हणून. २०२५ पर्यंत ढकललं. मीही बसलो होतो, घोषणा दिल्या होत्या. आमची बाजू खोटी नव्हती, वर्षानुवर्षं एका पद्धतीचा अभ्यास केलेल्याला एकदम दुसरीकडे वळवलं तर तो काय करणार. पण खोलीवर येऊन पहिला सराव निबंध लिहायला बसलो. २५० गुणांचा पेपर. विषय 'पाणी'. दीड पानावर मी संपलो. बीए झालेला माणूस, मराठी माझी आई, आणि पाण्यावर दीड पान! खोलीतल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, मुद्दे बरोबर आहेत पण तुझं म्हणणं काय आहे? मला म्हणणंच नव्हतं. तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मास्तर, तुमच्या त्या ८३ मधला मी.

---

सव्वीस_हप्ते_बाकी

मी अशाच एका खासगी ठिकाणून चार वर्षं काढून बाहेर पडलेय. नाव लिहीत नाही. लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बाबांनी थोडी जमीन विकली, बाकी कर्ज, ते आता मी फेडतेय. माझं आयडी वाचून कळलंच असेल.

जे चांगलं होतं ते आधी. वर्गात आम्ही १९ जण. एकाच निबंधाचा मसुदा तीन-तीनदा परत यायचा. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, "हे तुला कसं माहीत?" सुरुवातीला अपमान वाटायचा. पुढे स्वतःचं लिहिताना तोच आवाज डोक्यात यायला लागला, तो अजून जात नाही. जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकाच सेमिस्टरला घेतलं. मास्तर विचारतात ना "कोण वाचणार", तिथं खरंच वाचायचे. पैसे त्याचेच असतात. १९ पोरांमागे एक पूर्णवेळ शिक्षक ठेवायचा तर खर्च येतोच, आणि सरकारी-अनुदानित कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं न भरता तासिकेवर भागवायचं म्हटलं तर ८४ मागे अर्धा शिक्षक येतो. यात जादू काहीच नाही.

आता बाकीचं. पहिलं सेमिस्टर मी वर्गात तोंड उघडलं नाही. समजत सगळं होतं, पण वाक्य इंग्रजीत जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. इंटर्नशिप बिनपगारी, दिल्ली-मुंबईत. ज्यांचं तिथं घर होतं त्यांनी केली. मी उन्हाळ्यात गावी जाऊन ट्यूशन घेतल्या. पदवीनंतर वर्गातले निम्मे परदेशी शिकायला गेले. त्यांच्यासाठी ही चार वर्षं पायरी होती, माझ्यासाठी तोच माळा होता. काका, मुलाखतीला गेलं की लोक विचारतात "म्हणजे नेमकं काय शिकलात?" आणि त्याचं उत्तर एका दमात येत नाही. मला पहिली नोकरी मिळायला सात महिने लागले. आता एका संस्थेत आरोग्याच्या सर्वेक्षणाचं काम करते. काम आवडतं. पगार हप्त्यापुरता, वर थोडा.

केल्याचा पस्तावा आहे का? नाही. कर्ज काढून कर म्हणून तुमच्या मुलीला सांगेन का? तेही नाही. शिष्यवृत्ती किती टक्के आणि चारही वर्षं टिकणार का, हे लेखी घ्या. दुसऱ्या वर्षी गुणांच्या अटीवर कापतात.

---

नागसेनवनातला

उशिरा आलो. एक भर घालतो, कारण वर सगळं असं चाललंय जणू ही चीज परवाच पुण्याजवळच्या टेकड्यांवर उगवली.

बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथं त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच-जर्मनचा एकेक. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या माणसानं निम्म्याहून अधिक विषय इतर शाखांचे घेतले. परत आल्यावर १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला आमच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्यासाठी ते पदवीचं कॉलेज होतं, शिवणकामाचा वर्ग नव्हे. "यांना हाताला काम शिकवा, पोट भरेल" असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते.

रिवाइंडिंगवाले, शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. पण २८ लाखही घालू नका.

---

रिवाइंडिंगवाला

मंडळी, तीन आठवडे लिहिलं नाही त्याबद्दल माफी. सीझन होता. पाऊस लांबला की आमच्याकडे झुंबड असते.

तुमचं सगळं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. हप्तेवाल्या ताईंचं वाचताना ती आत निघून गेली, नंतर येऊन म्हणाली परत वाचा.

दोन्हीकडे जाऊन आलो. खासगी ठिकाणी मास्तरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. समोरच्या बाई पोर्टल वगैरे सांगायला लागल्या, पण मागं बसलेले एक प्राध्यापक उठून आले आणि म्हणाले, मी वाचणार, आणि त्यांनी एका पोराचा कागद काढून दाखवला. पेन्सिलीच्या खुणा होत्या. खोटं कशाला बोलू, माणूस आवडला. शिष्यवृत्ती अर्धी म्हणाले. अर्धीसुद्धा मला झेपत नाही.

मग शहरातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात गेलो. तिथं सायन्सही आहे, त्यामुळे अर्थशास्त्र मेजर आणि संख्याशास्त्र मायनर जमेल म्हणाले. वेळापत्रक आडवं आलं नाही तर. तोच प्रश्न तिथल्या विभागप्रमुख मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? सगळ्यांचं नाही वाचून होत. जे परत परत येतात त्यांचं वाचते." पोरीनं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. हे ती घेऊन आलीय ते मलाच माहीत नव्हतं. मॅडमनी चष्मा लावला, पंधरा-वीस मिनिटं पानं उलटली. बाहेर दोघं-तिघं ताटकळत होते. मग म्हणाल्या, "तारीख आहे, गाव आहे, एचपी आहे. मोटर कुठल्या डीपीवरची ते कुठाय? एका गावात चार डीपी असतात. आणि रात्रपाळीची लाइट होती का दिवसाची? त्याशिवाय तू म्हणतेस ते सिद्ध होत नाही."

येताना एसटीत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं हिरमुसली. आष्ट्याच्या पुढं आल्यावर म्हणाली, "पप्पा, रजिस्टरात दोन रकाने वाढवायचे."

वाढवलेत. आता गिऱ्हाईक मोटर उतरवतंय तोवर ही समोर उभी राहते, डीपी कुठला, लाइट कधीची. निम्म्यांना डीपी नंबर माहीत नसतो. एकजण तर चिडला, मोटर भरायची सोडून तुम्ही काय जनगणना करताय काय म्हणून. त्याला चहा पाजावा लागला.

हिंजवडीवाले साहेब, कॅपचा अर्जही भरून ठेवलाय. तिची आई म्हणाली असू दे. मी काय बोललो नाही.

आता कामाचं. कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलला ६० जागा आणि अर्ज तिपटीनं आलेत. नाही लागला नंबर तर कॉट बेसिसवर मुलींसाठी चांगलं, मेस जवळ असलेलं सांगली-विश्रामबागच्या बाजूला कुणाला माहीत आहे का? रोज एसटीनं करायचं तर सकाळची ६:१० ची गाडी आहे, पण ती आठवड्यातून दोनदा येतच नाही.